वहिवाट आणि राखण
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत प्रमुख धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें बोलावयाचें म्हटलें म्हणजे श्रोत्यांची एक ठरीव अपेक्षा असते. मंदिराचा पाया कोणीं घातला, घंटा कोठून आली, शाळेंत मुलें किती होतीं आणि आज किती आहेत, हें त्यानें सांगावें. तें सर्व आपल्या स्मरणिकेंत अधिकारी लेखकांच्या हातून येणारच आहे. म्हणून आज मी मंदिराच्या भिंतींविषयीं न बोलतां, मंदिराकडे येणाऱ्या वाटांविषयीं आणि त्या वाटांच्या दोहों अंगांस पसरलेल्या जमिनीविषयीं बोलणार आहें. विषय प्रथम परका वाटेल, कारण त्याची सुरुवात मी सातासमुद्रांपलीकडून करणार आहें. परंतु शेवटपर्यंत ऐकलेंत, तर तो घरचाच आहे असें आपल्या ध्यानीं येईल.

प्रश्न साधा आहे. जी वस्तु एकाची असते तिला धनी असतो. तो तिला कुंपण घालतो, कुलूप लावतो. जी सर्वांची असते तिला धनी कोण? ओढ्याच्या कांठची वाट, गांवाबाहेरची राई, तळ्याचा बांध, ह्यांच्यावरून आपण सर्व जातों. पण त्यांवर वाढलेली काटेरी झुडपें कोणीं तोडावयाचीं? आपल्याकडे ह्याचें उत्तर बहुधा ‘पंचायत बघेल’ किंवा ‘सरकार करील’ असें मिळतें. मला आज ज्या लोकांची हकीकत सांगावयाची आहे, त्यांनीं निराळें उत्तर दिलें. ‘गांव करील तें राव करणार नाहीं’ ही आपली म्हण त्यांनीं ऐकलेली नव्हती. पण त्यांनीं ती आचरून दाखविली.

अमेरिकेच्या ईशान्येस मॅसॅच्युसेट्स नांवाचें राज्य आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील बॉस्टन शहर चहूं बाजूंनीं वाढूं लागलें. आज राई होती तेथें उद्यां चाळी उठत. ह्या शहरांत चार्ल्स एलियट नांवाचा एक तरुण राहत असे. उद्यानांची रचना करणें हा त्याचा व्यवसाय. १८९० सालीं त्यानें एका उद्यानविषयक साप्ताहिकास एक पत्र लिहिलें. शहराजवळ पुरातन ओक वृक्षांचा एक समूह होता. तो नष्ट होईल अशी भीति त्याला वाटत होती. पण त्यानें केवळ शोक केला नाहीं. एक सूचना मांडली. तिचा आशय असा: ग्रंथालय जसें पुस्तकें सांभाळतें, संग्रहालय जसें चित्रें सांभाळतें आणि तीं सर्वांना मोकळेपणीं पाहूं देतें, त्याचप्रमाणें सुंदर जमिनीचे तुकडे लोकांकरितां सांभाळणारी एखादी विश्वस्त संस्था कां नसावी?

पुढल्याच वर्षीं, म्हणजे १८९१ सालीं, राज्याच्या विधिमंडळानें कायदा करून अशी संस्था स्थापन केली. लोकांसाठीं राखलेल्या जागांचे विश्वस्त, असा तिच्या नांवाचा अर्थ होतो. जगांतील अशा प्रकारच्या संस्थांत ही पहिली समजली जाते. तिला मिळालेली पहिली जमीन म्हणजे एक लहानसें वन होतें. तें एका आईनें आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ दिलें, आणि त्या वनाला त्या मुलीचें नांव पडलें. आपण आपल्या मृतांच्या स्मरणार्थ मंदिराला बांक देतों, समई देतों, वेदीची शिळा देतों. त्या माउलीनें सावली दिली.

एलियट १८९७ सालीं वारला. त्याचें वय तेव्हां अवघें सदतीस वर्षांचें होतें. परंतु त्याची संस्था आज एकशें तीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि शंभरांहून अधिक जागा राखीत आहे. ह्यांत एक मर्म आहे. माणूस मरतो, त्याचे वारस भांडतात, मुलगा भला निघाला तरी नातू कसा निघेल हें कोणी सांगावें? नीट बांधलेली संस्था मात्र एकाच्या आयुष्यावर अवलंबून नसते. ज्या कामाला शंभर वर्षें लागतात, तें काम शंभर वर्षें जगूं शकेल अशाच्या हातीं द्यावें लागतें.

ह्या कल्पनेचा दिवा लवकरच इंग्लंडांत नेला गेला. १८९५ सालीं तेथें ‘नॅशनल ट्रस्ट’ ही संस्था निघाली. तिचे संस्थापक तिघे. गरिबांना राहण्यास चांगलीं घरें मिळावींत म्हणून आयुष्य वेंचणाऱ्या ऑक्टेव्हिया हिल ह्या बाई. गांवांचीं सामायिक कुरणें व पायवाटा धनिकांच्या कुंपणांत जाऊं नयेत म्हणून न्यायालयांत लढलेले वकील रॉबर्ट हंटर. आणि तिसरे हार्डविक रॉन्स्ली हे अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू. धर्मगुरूनें वाटांविषयीं बोलावें ह्यांत नवल कांहीं नाहीं, हें सांगण्यापुरता हा उल्लेख मीं केला. ह्या संस्थेला मिळालेली पहिली जमीन वेल्स प्रांतांतील बार्मथ गांवाच्या वरच्या उतारावरची. क्षेत्र जेमतेम साडेचार एकर. आपल्याकडील एखाद्या मध्यम वाडीएवढें. पण तेवढ्यावरून आरंभ झाला. पुढें १९०७ सालीं तेथील संसदेनें कायदा करून ह्या संस्थेला असा अधिकार दिला कीं, तिनें जी जमीन कायमची राखावयाची म्हणून जाहीर केली, ती नंतर तिला स्वतःलाहि विकतां येऊं नये. विश्वस्तांचे हात विश्वस्तांपासूनच बांधून घेणें, ही दूरदृष्टि मला फार मोलाची वाटते.

आतां कोणी म्हणेल, ‘फादर, ज्यांच्याजवळ दान द्यावयाला जमीन आहे त्यांचें ठीक. आम्हीं शेत दान केलें तर खावें काय?’ प्रश्न रास्त आहे, आणि अमेरिकेंतील शेतकऱ्यांनींहि तो विचारला. त्याचें उत्तर तेथील कायद्यानें मोठ्या चातुर्यानें दिलें आहे. मालकी म्हणजे एक मोळी आहे असें समजा. तींत पुष्कळ काटक्या आहेत: पेरण्याचा हक्क, राहण्याचा हक्क, विकण्याचा हक्क, मुलांस देण्याचा हक्क, झाडें तोडण्याचा हक्क, इमारती उभारण्याचा हक्क. शेतकरी ह्या मोळींतून एकच काटकी काढतो. इमारती उभारण्याचा हक्क तो राखणदार संस्थेच्या हवालीं करतो. कधीं दान म्हणून, कधीं मोबदला घेऊन. बाकीची मोळी त्याच्याच खांद्यावर राहते. तो शेत कसतो, विकूं शकतो, मुलांस देऊं शकतो. मात्र जो कोणी ती जमीन पुढें घेईल, त्यालाहि तेथें वसाहत उठवितां येत नाहीं. करार कागदोपत्रीं नोंदला जातो आणि जमिनीबरोबर पिढ्यानुपिढ्या चालतो. सरकार दात्याला करांत कांहीं सूट देतें.

आणि येथेंच त्या संस्थेचें खरें काम सुरू होतें. कारण कागद स्वतः राखण करीत नाहीं. दरवर्षीं एकदां तरी संस्थेचा माणूस त्या शेतावर जातो, सीमेच्या खुणा तपासतो, चित्रें घेतो, मालकाबरोबर चार शब्द बोलतो आणि सर्व वहींत नोंदवितो. जुना मालक जाऊन नवा आला, तर त्याला करार समजावून सांगतो. अशा स्थानिक संस्था तेथें गांवोगांवीं आहेत. त्यांतील पुष्कळांजवळ एकहि पगारी नोकर नसतो. शाळामास्तर, सुतार, निवृत्त परिचारिका असे लोकच त्या चालवितात. त्यांच्या राष्ट्रीय मंडळाच्या २०२० सालच्या गणनेप्रमाणें ह्या सर्वांनीं मिळून सुमारें ६ कोटी १० लाख एकर जमीन राखली आहे. साडेचार एकरांची गोष्ट मीं मघाशीं सांगितली. थेंबे थेंबे तळें साचतें तें असें.

आतां वाटांकडे वळूं. जमीन राखली, पण तेथवर जावयाला वाट नसली, तर लोकांचें तिच्यावर प्रेम जडत नाहीं. आणि ज्याच्यावर प्रेम नाहीं त्याच्यासाठीं कोणी भांडत नाहीं. म्हणून ह्या संस्था पायवाटा आंखतात व राखतात. १९१० सालीं व्हर्माँट राज्यांत एक मंडळ स्थापन झालें आणि त्यानें राज्याच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत, डोंगरमाथ्यावरून, पायवाट काढण्याचें ठरविलें. १९३० सालीं ती पुरी झाली. १९२१ सालीं बेंटन मॅके ह्या गृहस्थानें ह्याहून मोठी कल्पना मांडली: ॲपलाचियन पर्वताच्या रांगेवरून देशाच्या दक्षिणेकडून उत्तरेपर्यंत एकच सलग पायवाट. १९२५ सालीं त्यासाठीं परिषद भरली, आणि १९३७ सालीं ती वाट पूर्ण झाली. आज तिची लांबी सुमारें ३,५०० किलोमीटर आहे आणि ती १४ राज्यांतून जाते. झाडांच्या बुंध्यांवर दोन इंच रुंद व सहा इंच उंच पांढरे पट्टे रंगविलेले असतात. तेवढ्या खुणेवर प्रवासी महिनेच्या महिने चालत जातो.

ही एवढी थोरली वाट कोण राखतें, असें आपणांस वाटेल. तिला सरकारी संरक्षण आहे. १९६८ सालीं तसा कायदा झाला. परंतु कुदळ-फावडें घेऊन तिची निगा राखणारे लोक म्हणजे वाटेच्या कडेकडेच्या सुमारें तीस मंडळांचे स्वयंसेवक होत. प्रत्येक मंडळाला कांहीं मैल वांटून दिलेले; आणि मंडळांत पुष्कळदां एकेका माणसाला किंवा कुटुंबाला एकेक तुकडा. तो तुकडा त्याचा. सुट्टीच्या दिवशीं शिदोरी बांधून तो निघतो, वादळानें पडलेली झाडें करवतीनें कापून बाजूस करतो, फिकट झालेल्या खुणा पुन्हा रंगवितो. १९३८ सालच्या वादळानें नव्यानें पुरी झालेली वाट मोडली. पाठोपाठ महायुद्ध आलें आणि माणसें नसल्यामुळें तिच्यावर रान माजलें. लोकांनीं ती पुन्हा उघडली. २०२४ सालच्या सप्टेंबरांत हेलीन नांवाच्या वादळानें दक्षिणेकडील भागांत असंख्य वृक्ष उलथून टाकले, आणि पुन्हा तेच लोक करवती घेऊन निघाले. वाट एकदां करावयाची व मग कायमची झाली, असें कधींच होत नाहीं. ती दरवर्षीं करावी लागते.

त्यांच्या कामाची रीत आपल्या शेतकऱ्यांना ऐकावीशी वाटेल, कारण ती पाण्याच्या स्वभावावर बसविलेली आहे. पायवाट माणसांच्या पायांनीं झिजते त्याहून कितीतरी अधिक पाण्यानें वाहून जाते. वाट डोंगरावर सरळ चढविली, तर पावसाळ्यांत पाणी तिचाच ओहोळ करतें. म्हणून ती उताराला आडवी, वळणें घेत नेतात. आणि वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असूं नये, असा ढोबळ नियम पाळतात. वाटेची बाहेरची कड आंतल्या कडेहून किंचित् खालीं ठेवतात, म्हणजे पाणी वाटेवर न रेंगाळतां पलीकडे उतरतें. कांहीं अंतरांवर दगडाचा किंवा लांकडाचा तिरपा आडबांध बसवितात. वाटेवरून धांवणारें पाणी त्याला अडून कडेला वळतें. ह्या बांधामागें पालापाचोळा व माती साचली कीं तो निकामी होतो. म्हणून वर्षांतून एकदोनदां कोणीतरी फावड्यानें तें काढलें पाहिजे. काम पांच मिनिटांचें. पण तें केलें नाहीं, तर दोन पावसाळ्यांत पांच दिवसांचें होतें.

आणखी एक नियम तर मला फारच आवडला. व्हर्माँटमध्यें हिवाळ्यानंतर बर्फ वितळतें आणि उंचावरच्या वाटांवर चिखल होतो. त्या दिवसांत, मे महिन्याच्या अखेरीपर्यंत, मंडळ लोकांना तेथें न जाण्याची विनंती करतें. आणि कोणी गेलाच, नि वाटेंत चिखल लागला, तर त्यानें चिखलांतूनच सरळ चालावें. कां? कारण प्रत्येकजण जोडा वांचवावा म्हणून कडेनें गेला, तर कडेचें गवत मरतें, वाट रुंदावते, आणि पुढल्या वर्षीं चिखल दुप्पट होतो. आपला जोडा मळूं देणें ही त्या वाटेची सेवा होय. बंधुभगिनींनो, समाजांतील किती भांडणें केवळ ह्या जोडा वांचविण्यामुळें रुंदावत जातात, ह्याचा विचार आपण घरीं जाऊन करावा.

ह्या संस्था केवळ कष्टाचींच कामें करतात असें नाहीं. लोकांना एकत्र आणणारे त्यांचे उपक्रम अनेक आहेत. नाताळच्या सुमारास पुष्कळ ठिकाणीं पक्ष्यांची गणना होते. पूर्वीं त्या सणांत शिकारीची चढाओढ लागत असे. अधिक पक्षी मारील तो जिंकला. १९०० सालीं फ्रँक चॅपमन ह्या पक्षिशास्त्रज्ञानें सुचविलें कीं, पक्षी मारण्याऐवजीं मोजावे. त्या नाताळच्या दिवशीं २७ जणांनीं गणना केली. आज ती प्रथा अनेक देशांत पसरली आहे आणि कोणते पक्षी कमी होत आहेत हें तिच्यावरून कळतें. तसेंच परक्या मुलखांतून आलेलीं व रानांत माजलेलीं तणें उपटण्याचे दिवस असतात. बीं धरण्यापूर्वीं तीं उपटावीं लागतात, कारण एकदां बीं पडलें कीं तें मातींत कित्येक वर्षें जिवंत राहतें. म्हणजे एका वर्षाच्या उत्साहाचा उपयोग नाहीं, चिकाटी हवी.

आणि मुलांनो, ही गोष्ट तुमच्यासाठीं. त्या देशांत सॅलमॅंडर नांवाचा पालीसारखा दिसणारा एक निरुपद्रवी प्राणी आहे. त्याची कांति काळी असून तीवर पिवळे ठिपके असतात. वर्षभर तो रानांत मातीखालीं राहतो. थंडी सरतांना पहिल्या पावसाच्या रात्रीं शेंकडों सॅलमॅंडर एकाच वेळीं बाहेर पडून अंडीं घालण्यासाठीं ठराविक डबक्यांकडे निघतात. मध्यें रस्ता आला कीं गाड्यांखालीं चिरडले जातात. म्हणून गांवचे लोक, लहान मुलांसुद्धां, कंदील घेऊन पावसांत उभे राहतात आणि त्यांना हातांनीं उचलून पलीकडे सोडतात. मॅसॅच्युसेट्समधील ॲम्हर्स्ट गांवीं तर १९८७ सालीं त्यांच्यासाठीं रस्त्याखालून लहान भुयारें केलीं. ज्या मुलानें भर पावसांत उभें राहून एक मुका जीव रस्ता ओलांडून दिला, तें मोठेपणीं डबकें बुजवावयाला सहजासहजीं तयार होईल असें मला वाटत नाहीं.

चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे; एरव्हीं हें भाषण केवळ परदेशाची स्तुति होईल. ज्या जमिनी आज तेथें राखल्या जात आहेत, त्यांवर पूर्वीं तेथील मूळ रहिवासी राहत होते आणि त्यांना हुसकून देण्यांत आलें होतें. रान राखणें म्हणजे तेथून माणसें घालविणें, अशी चुकीची समजूत दीर्घ काळ होती. कोठेंकोठें जमीन राखली गेली आणि शेजारच्या घरांच्या किंमती एवढ्या वाढल्या कीं गरिबांस तेथें राहवेना. अलीकडे कांहीं संस्थांनीं मूळ रहिवाशांना जमीन परत देण्यास किंवा राखणींत त्यांस भागीदार करून घेण्यास आरंभ केला आहे. ह्यापासून आपण एवढें शिकावें कीं, जो जमिनीवर राबतो त्याला बाहेर ठेवून केलेली राखण न्यायाची नव्हे. आपल्या पूर्वेच्या डोंगरांतील आदिवासी बांधवांना रानांतल्या वाटा आपणांपेक्षां अधिक ठाऊक आहेत.

आतां आपण घरीं येऊं. आपला हा वसईचा मुलूख वाड्यांचा. केळी, नागवेल, फुलें, भाजीपाला ह्यांवर आपल्या पूर्वजांचा संसार चालला. त्यांनीं वाड्यांशेजारीं बावखलें खोदलीं. पावसाचें पाणी तेथें सांठतें, हळूहळू मुरतें आणि विहिरींना पुरवठा करतें. समुद्र जवळ, त्याचें खारें पाणी जमिनीखालून सारखें आंत येऊं पाहतें. मुरलेलें गोडें पाणी त्याला मागें रेटून धरतें. गोड्या पाण्याचा उपसा अति झाला आणि मुरणें थांबलें, कीं खारें पाणी पुढें सरकतें. पंप बसले, टँकर भरूं लागले, तेव्हां कित्येक विहिरींचें पाणी मचूळ झालें हें येथील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. आणि बावखलें? एकेक करून पुष्कळशीं भरावाखालीं गेलीं. २०१८ सालच्या जुलैंत वसई-विरारचा मोठा भाग दिवसच्या दिवस पाण्याखालीं होता. पाणी आपली जुनी जागा विसरत नाहीं. आपणच तिचें नांव विसरतों.

ह्या मुलखांत कोणींच कांहीं केलें नाहीं असें म्हणणें मात्र कृतघ्नपणाचें होईल. हरित वसईसाठीं गेल्या शतकाच्या अखेरीस जें आंदोलन उभें राहिलें, त्यांत फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागीं होते. २०२० सालीं उस्मानाबादच्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ सालीं ते आपणांस सोडून गेले. त्यांच्याबरोबर सर्व धर्मांचे, सर्व जातींचे लोक चालले. जो हिरवा पट्टा आज उरला आहे त्यांत त्या चालणाऱ्यांचा वांटा आहे. परंतु मोर्चा निघतो तो एक दिवस. त्यानंतरच्या तीनशें चौसष्ट दिवसांची व्यवस्था कोणीं लावावयाची, हा आजचा प्रश्न.

येथें मी कायद्यांतील एक गोष्ट आपल्यापुढें ठेवतों. आपल्याकडे १८८२ सालचा सुविधाधिकारांचा कायदा आहे. दुसऱ्याच्या खाजगी जमिनीवरून आपल्या शेताकडे जाणारी वाट कोणीं वीस वर्षें उघडपणें, शांततेनें, हक्क म्हणून आणि अखंड वापरली, तर त्याला त्या वाटेचा हक्क प्राप्त होतो. आपण त्याला वहिवाट म्हणतों. पण त्याच कायद्याची दुसरी बाजू आपण विसरतों. तोच हक्क सलग वीस वर्षें वापरला नाहीं, तर तो नष्ट होतो. पहा, शब्दच किती अर्थपूर्ण आहे: जी वाहती असते तीच वाट. चालणाऱ्यांच्या पायांनीं ती जन्मास येते आणि पाय थांबले कीं मरते. वाडींतून मंदिराकडे येणाऱ्या कित्येक वाटा आपल्या आजोबांनीं पायांनीं लिहून ठेवल्या आहेत. आज आपण वाहनावरून डांबरी रस्त्यानें येतों. आपण चालत नाहीं, तर ती वाट आपली आहे हें उद्यां कोणत्या तोंडानें सांगणार?

जमीन विकणाऱ्यांना ह्या व्यासपीठावरून शब्द लावावा असा माझा मुळींच हेतु नाहीं. कोणी कां विकतो हें धर्मगुरूस कळतें. मुलीचें लग्न असतें, रुग्णालयाचें बिल असतें, वांटण्या होऊन प्रत्येक भावाच्या वांट्याला चार गुंठे येतात, आणि शेती करावयाला घरांत कोणी उरलेला नसतो. अशा माणसाला ‘पूर्वजांची भूमि राख’ असें नुसतें सांगणें म्हणजे आपला भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर देणें होय. उत्पत्तीच्या ग्रंथांत माणसाला बाग मिळाली ती मशागत आणि राखण अशा दोन्ही कामांसाठीं. आणि पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ सालीं आपल्या परिपत्रांत पृथ्वीला सर्वांचें सामायिक घर म्हटलें. घर जर सामायिक, तर राखणीचा खर्च एका भावानेंच कां सोसावा? परदेशांतील त्या मंडळांनीं नेमकें हेंच ओळखलें: एकट्याला जें पेलत नाहीं तें वांटून घेतलें कीं पेलतें.

म्हणून ह्या महोत्सवाच्या वर्षीं मी आपणांपुढें चार लहान गोष्टी ठेवतों. मोठ्या योजना मुद्दामच सांगत नाहीं.

पहिली. प्रत्येक वाडींतील दोन वृद्ध व दोन तरुण ह्यांनीं एकत्र बसून आपल्या धर्मग्रामांतील सर्व जुन्या पायवाटा, विहिरी, बावखलें व पाण्याच्या मोऱ्या ह्यांचा नकाशा करावा. वृद्धांना नांवें ठाऊक आहेत, तरुणांना नकाशा काढतां येतो. दहा वर्षांनीं हें काम करावयाचें म्हटलें, तर नांवें सांगणारे नसतील.

दुसरी. त्या नकाशावरील प्रत्येक वाट आणि प्रत्येक बावखल कोणा एका कुटुंबाच्या किंवा मंडळाच्या नांवें वांटून द्यावें. मालकीनें नव्हे; राखणीनें. वैशाखाच्या अखेरीस, पाऊस लागण्यापूर्वीं, मोऱ्या मोकळ्या कराव्या. आणि पाऊस सरल्यावर वाटेवरचें रान काढावें. वर्षांतून दोन दिवस. आपण सणाच्या तयारीला ह्याहून अधिक वेळ देतों.

तिसरी. एक साधी वही ठेवावी. कोणत्या तारखेला कोण गेलें, काय आढळलें, पाणी किती होतें, कोणते पक्षी दिसले, हें तींत लिहावें. ही वही शाळेंतील मुलांच्या हातीं द्यावी. भरावाचा पहिला ट्रक आला त्या दिवशींच तिचा उपयोग कळेल. कारण येथें कांहीं नव्हतेंच असें मग कोणाला म्हणतां येणार नाहीं.

चौथी, आणि सर्वांत अवघड. ज्या घरांत वाडी किंवा बावखल विकण्याचा विचार चालला असेल, त्या घरानें सौदा करण्यापूर्वीं आपल्या शेजाऱ्यांशीं एकदां बोलावें. आणि शेजाऱ्यांनीं उपदेश न करतां ऐकावें. अमेरिकेंतल्यासारखी मोळींतली एकच काटकी देण्याची सोय आपल्या हाताशीं नाहीं. पण बावखलाचा भाग वगळून उरलेलें विकतां येतें. शेजाऱ्यांनीं मिळून घेतां येतें. पडीक वाडी दुसऱ्याला कसावयाला देतां येते. कांहींच जमलें नाहीं, तरी निदान चार माणसांनीं त्याचें दुःख वांटून घेतलें एवढें तरी होईल. आणि कोणी सांगावें, कांहीं जमेलहि.

ह्या कामांत आपले हिंदु, मुसलमान, आदिवासी शेजारी आपल्याबरोबर असावेत, हें निराळें सांगण्याची गरज नाहीं. पाणी जेव्हां चढतें तेव्हां तें कोणत्या घरावर क्रूस आहे नि कोणत्या अंगणांत तुळस आहे हें पाहत नाहीं.

बंधुभगिनींनो, महोत्सव म्हणजे मागें पाहण्याचा दिवस. पण मागें पाहतांना आपण काय पाहतों? ज्यांनीं आपल्यासाठीं कांहीं राखून ठेवलें त्यांना पाहतों. पुढल्या महोत्सवाच्या दिवशीं ह्याच जागीं दुसरा कोणी धर्मगुरू उभा असेल आणि समोर आपलीं नातवंडें बसलेलीं असतील. त्यांच्या हातीं आपण बांधलेलें सभागृह असेल, त्याबद्दल तीं आपले आभार मानतील. पण तीं वाडींतून पायीं चालत आलीं असतील का, वाटेंत त्यांना एखाद्या बावखलावर बगळा दिसला असेल का, विहिरीचें पाणी गोड लागलें असेल का, ह्यांचें उत्तर ह्या वर्षींच्या वैशाखांत आपण फावडें उचलतों कीं नाहीं ह्यावर आहे.

सभेनंतर दाराशीं एक कोरी वही ठेवलेली आहे. ज्यांना एखादी वाट, विहीर किंवा बावखल राखावयास घ्यावयाचें असेल, त्यांनीं आपलें व त्या जागेचें नांव तींत लिहावें. जागेचें जुनें नांव ठाऊक नसेल, तर घरीं जाऊन आजीला विचारावें व उद्यां लिहावें.  प्रभु आपल्या हातांना बळ देवो.